अंग सैल सोडायचं

नारपोली, भिवंडी
४ जानेवारी २००७

ती. माधवीताईस,
सा. न.

फोन सासूबाईंच्या उशाशी असतो आणि मी बोलत असले की त्या तिथून हलत नाहीत, म्हणून हे पत्र. पंढरीभावोजींच्या हाती दिलं असतं, पण ते आमच्याच मानकोलीच्या गोदामात सुपरवायझर. ह्यांनी विचारलं तर ते लपवणार कसं? म्हणून पोस्टात टाकतेय.

लग्नाला सहा वर्षं झाली. नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझे रिपोर्ट बरे आहेत, पण मनावर ताण फार. तो उतरला तर दिवस राहायला मदत होईल. रोज वीस मिनिटं उताणं पडायचं, पायाच्या बोटांपासून एकेक अवयव सैल सोडायचा, चार आकडे श्वास आत, सहा बाहेर. शेजारच्या कारखान्यातल्या पॉवरलूमची खटखट भिंतीतून पाठीत शिरते. शुक्रवारी कारखाने बंद, तेव्हाच काय ते जमतं. परवा सासूबाईंनी दार ढकललं नि म्हणाल्या, दिसाढवळ्या मढ्यासारखी काय परलीस, असं परून पोरं व्हत न्हाईत. दिपाली नणंदेच्या डोहाळजेवणात मला ओटी भरू दिली नाही, आत वड्या थापायला बसवलं.

ताई, ह्यांनीही एकदा तपासून घ्यावं असं वाटतं. मला विचारायची छाती होत नाही. तू विचारशील?

तुझ्या मायेची वाट बघणारी,
मृणाली


मानकोली
१९ जानेवारी २००७

सौ. माधवीताईंस,
स. न. वि. वि.

तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा भोवती माणसं होती, म्हणून लिहितो. माझी तपासणी २००५ सालीच ठाण्याला झाली. माझ्याकडून मूल होणार नाही, त्याला उपायही नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आईला माहीत आहे, मृणालीला नाही. गावात आमच्या घराला मान आहे. हे बाहेर गेलं तर गोदामातले हमालसुद्धा पाठीमागे हसतील. तिचं ते श्वासाचं चालू राहू द्या. तिचा वेळ जातो, आणि नुकसान तर काही नाही.

पंढरीदादांना पुढच्या महिन्यापासून मॅनेजर करायचं मनात आहे. घरचा माणूस तो घरचाच. पत्र वाचून फाडून टाका.

आपल्या समजूतदारपणावर विसंबून,
मितेश


वज्रेश्वरी
२९ जानेवारी २००७

चि. मृणालीस,
अनेक आशीर्वाद.

मितेशरावांशी बोलले. त्यांची प्रकृती ठणठणीत आहे. त्यांना पुन्हा डिवचू नकोस, पुरुषाच्या मनाला लागतं. तू आपला व्यायाम सोडू नकोस. शुक्रवारची वाट कशाला बघतेस, कानात कापूस घाल. मनात असल्या शंका असल्यावर अंग सैल पडेल कसं? दोन दिवस इकडे ये, कुंडाच्या गरम पाण्यात बस, बरं वाटेल.

काल फोनवर दुर्बिणीच्या तपासणीचं ओझरतं बोललीस. करून घे. पोटाला दोन-तीन भोकं पडतात, आठवड्यात माणूस हिंडूफिरू लागतं. तू तर लहानपणापासूनची भित्री! सुई दिसली की माझ्या पदरात तोंड खुपसायचीस.

आणि हो, तुझ्या भावोजींना मॅनेजर करणार आहेत. घरात सगळी खूश आहेत.

सदैव तुझं भलं चिंतणारी,
ताई


नारपोली
११ फेब्रुवारी २००७

ती. ताईस,
सा. न.

तुझ्या पत्राने हायसं वाटलं. ह्यांच्यावर संशय घेतला म्हणून माझीच मला लाज वाटली. रात्री पाय धरून माफी मागितली. ह्यांनी डोक्यावर हात ठेवला. किती मोठ्या मनाचे आहेत!

तपासणी आठ मार्चला आहे. तू लिहिलंस म्हणून तयार झाले, नाहीतर झाले नसते. भावोजींचं अभिनंदन.

तुझीच भित्री,
मृणाली


नारपोली
२४ मार्च २००७

माधवीताई,

तपासणी झाली. भूल उतरल्यावर दोन दिवस खांद्यापर्यंत कळा येत होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्यात काही दोष नाही, आता मालकांना पाठव. घरी जेवताना मी तेच सांगितलं. सासूबाई भडकल्या. म्हणाल्या, तो दोन वरसामागंच तपासून आलाय, त्याच्याकरून व्हनार न्हाय. तुजे बयनीला पन ठावं हाय, ती गप ऱ्हायली ना, मग तूच कशाला बोंबलतेस? हे मान खाली घालून भात कालवत राहिले.

तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. सासूबाई सासू आहेत, ह्यांना स्वतःची अब्रू होती. पण पोट फाडून घे, असं तू मला सगळं माहीत असताना लिहिलंस. वर सुईवरून चेष्टाही केलीस.

चार दिवस अन्न गेलं नाही. काल ह्यांना सांगितलं, मी कुठेही जाणार नाही, तुमचं नाव गावात निघू देणार नाही, मला वांझ म्हणतात ते म्हणोत. मात्र सासूबाईंनी पुन्हा चारचौघांत माझ्या कुशीचा विषय काढला, तर तुमचा रिपोर्ट मी तिथेच वाचून दाखवीन. तुमच्या कपाटातला तो कागद आता माझ्याकडे आहे. आणि पंढरीभावोजी एक तारखेपासून मानकोलीला दिसता कामा नयेत.

हे म्हणाले, त्यांना बिचाऱ्यांना तर काहीच ठाऊक नाही, त्यांचा काय दोष?

मी विचारलं, माझा काय होता?

त्यांनी उठून गोदामात फोन लावला.

हे पत्र पोचेपर्यंत भावोजींना कळलेलं असेल. का काढलं, ते मात्र त्यांना तूच सांग.

मृणाली