अक्षरांच्या जागा

आई, काल शहापूरला तुझ्या नातीसाठी लॅपटॉप बघायला गेलो होतो. तू गेलीस तेव्हा ती बोलायलाही लागली नव्हती, आता कॉलेजात निघाली आहे आणि बापाला प्रश्न विचारते. दुकानात उभी राहून म्हणाली, "बाबा, मशीन भारी बघायचं की आतली सिस्टिम?" वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरणारा माणूस मी, या प्रश्नावर गिऱ्हाइकाचं डोकं तासभर खाऊ शकतो. काल मात्र मी समोरच्या लॅपटॉपच्या कळांवर नुसती बोटं फिरवली. दुकानदारच काहीबाही सांगत राहिला आणि मला तुझं मुरबाडचं टेबल दिसत राहिलं.

तहसील कचेरीबाहेरची ती पत्र्याची शेड, तीन पुरुष टायपिस्ट आणि चौथी तू. शाळा सुटली की मी तुझ्या खुर्चीमागे पोत्यावर बसायचो. टोकावड्याकडून, वरच्या पाड्यांवरून माणसं येतात. कुणाला सातबाऱ्यावर नाव चढवायचंय, कुणाला रेशनकार्डात सून घालायचीय. समोरचा बोलत असतो, तू त्याच्या तोंडाकडे बघत असतेस आणि खाली बोटं आपली चालूच. कळांकडे एकदाही नजर नाही. तो मध्येच गप्प झाला की तूही थांबतेस. एकदा एका म्हाताऱ्याने हरवलेल्या गाईच्या तक्रारीत गाईचं सगळं खानदान सांगायला घेतलं आणि मी फिदीफिदी हसलो. तू मान न वळवता म्हणालीस, "हसू नको रे. घरी त्याचं कोण ऐकत नाय, म्हणून हितं सांगतो." मग ती गाय तिच्या आईसकट अर्जात घातलीस. त्या दिवशी मला तुझा फार राग आला होता, आणि घरी जाताना तू मला भजी घेऊन दिलीस म्हणून तो लगेच गेलाही.

पुढे टाइपरायटरच्या रिबिनी मिळेनाशा झाल्या, कचेरीतले लोकही कॉम्प्युटरवरचा कागद मागू लागले. मी कल्याणला एका दुकानात नवा नवा लागलो होतो. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसा माझा तेव्हा खळखळाट. तुझ्यासाठी मशीन मी स्वतः जुळवलं: वेगवान प्रोसेसर, भरपूर मेमरी, मोठा पडदा. सिस्टिम हाताला लागली ती फुकटातली टाकली. ताकद यंत्रात असते, सिस्टिमचं काय एवढं, असं माझं ठाम मत होतं. तू एकच विचारलंस, "माझी अक्षरं माझ्याच जागेवर हायत ना रे?" मी म्हटलं, "सगळी आहेत." अक्षरं सगळी होती, पण कुठलं अक्षर कुठल्या कळेवर हे सिस्टिम ठरवते, आणि या सिस्टिममध्ये जागा वेगळ्या होत्या. टाइपरायटरच्या सवयीने तू पहिली ओळ मारलीस आणि पडद्यावर 'मा. तहसीलदार'च्या जागी भलतंच कडबोळं उमटलं. शेडमध्ये कॉम्प्युटर आणणारी तू पहिलीच, त्यामुळे बघायला सगळे जमले होते. शेजारचा टायपिस्ट हसला. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "आता सगळीकडे असंच आलंय, आई. नव्याने शिकावं लागतं."

आणि तू शिकायला बसलीस. पन्नाशी उलटल्यावर. पुठ्ठ्यावर चौकोन आखून त्यात अक्षरं लिहिलीस आणि तो पुठ्ठा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलास. भात शिजेपर्यंत त्यावर बोटं आपटायचीस, चुकलीस की त्या अक्षरालाच शिव्या, "मेल्या, कालपर्यंत हितं होतास ना!" आम्ही दोघं हसायचो. तुझं ते हसू अजून आठवतं आणि बरं वाटतं, हे खोटं कशाला सांगू. सरावाने हात बसला, पण नजर काही कळांवरून सुटली नाही. तीस वर्षांची बोटं ती, इतक्यात थोडीच ऐकणार. मी एकदा जेवणाचा डबा द्यायला आलो तेव्हा पाड्यावरची एक बाई तुला म्हणत होती, "बाय, पयले तू माज्याकडं बघायचीस गो. आता खालीच बघतेस." तू म्हणालीस, "मशीन लय भारी हाय ना. माझ्या पोरानं आणलंय." हे तू येईल त्याला सांगायचीस. मला ते ऐकवत नसे; मी डबा ठेवून निघालो.

काल शेवटी पोरीला म्हटलं, आधी बस, मराठीत एक पान मार, हात कुठे अडतो बघ, मग मशीनचं बोलू. ती म्हणाली, "बाबा, मराठी मी फोनवर बोलूनच लिहिते." घ्या! यंत्र मोठं की सिस्टिम, याचं उत्तर मला अजूनही धड देता येत नाही. वापरणाऱ्याच्या हाताला काय ठाऊक आहे ते आधी विचारावं, एवढं कळलंय, आणि ते तर तू एका वाक्यात विचारलं होतंस.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असं म्हणून मी सुटणार होतो. पण तो कॉम्प्युटर आल्यानंतर तू चार वर्षं माझ्याच घरात होतीस, पलीकडच्या खोलीत; तेव्हा पत्त्याची काय अडचण होती? अक्षरं टाइपरायटरच्याच जागांवर ठेवणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमची सीडी त्या पहिल्या दिवशी माझ्या पिशवीतच होती, आई. तासाभराचं काम होतं. पण ते केलं असतं तर मी चुकलो हे त्या शेडमध्ये सगळ्यांना कळलं असतं.