एलियाच्या तीन तलवारी

१८ नोव्हेंबर १९४६, नगर
आमोस सकाळीच गठडं घेऊन दारात! आत तीन तलवारी, जावाकडच्या बेटांतल्या. त्याचा थोरला भाऊ एलिया — माझा बालमित्र — पलटणीत कंपाउंडर होता. बेचाळीसपासून तिकडेच बेपत्ता. देवळाली प्रवऱ्याचा शिपाई गोरक्षनाथ रजेवर आला, त्यानं हे आणलं.
रविवारी चर्चमध्ये एलियाची स्मृतिसभा. तिथं तलवारी मांडायच्या. "पंत, खाली नावं पाहिजेत. शनिवारपर्यंत. पाहुणे विचारतील."
साप्ताहिक चालवण्यात उभा जन्म शनिवारच्या धाकात गेला. हो म्हणालो.

१९ नोव्हेंबर
गोरक्षनाथाला गाठलं. "म्या न्हाई पाह्यलं त्यास्नी. बोर्निओत नदीवर एका नावाड्यानं दिलं. समदं खुणेनं. नगर अन् मरियाबाई, ही दोनच नावं त्याच्या तोंडात." मरिया म्हणजे एलियाची बायको.
आमोस म्हणतो, "मेलेल्याचं सामान. दुसरं काय!"

२० नोव्हेंबर
मिशनच्या वाचनालयात चित्रांचं जुनं पुस्तक मिळालं. नागमोडी पात्याचा तो क्रिस — जावाचा. टोकाकडे रुंद होत गेलेली क्लेवांग — सेलेबीसची. म्हणजे गडी बेटामागून बेट फिरला!
शाळेत असाच होता. जेऊरला गेला की बोरं, भिंगारला गेला की कँपातली रिकामी काडतुसं. रिकाम्या हातानं कधी परतला नाही. अर्धा वाटा माझा, न मागता.

२१ नोव्हेंबर
तिसरी अडली. कोयत्याएवढी, शिंगाची मूठ, केसांचे झुबके. पातं एका अंगानं फुगीर, दुसऱ्या अंगानं खोलगट. घडवताना बिघडलं असणार.

२२ नोव्हेंबर
बिघडलं नाही! हा बोर्निओचा मांडाऊ, तो असाच घडवतात. चित्रात मात्र फुगवटा दुसऱ्या अंगाला. खालच्या मजकुरात कारण सापडलं — उजव्याचा मांडाऊ वेगळा, डावखुऱ्याचा वेगळा. धन्याचा हात बघून पातं घडतं.
आपला डावखुऱ्याचा.
एलिया! मास्तरांनी त्याच्या डाव्या हातावर छड्या मोडल्या, तरी विटी त्याच हातानं टोलवायचा. थेट सीना नदीपार! "डावऱ्या, आता तूच आण पोहून," म्हणून आम्ही ओरडायचो. आणायचाही.
मूठ वापरून गुळगुळीत झालीय. वेताचं वेष्टण मात्र नवंकोरं. मेलेल्याच्या हत्याराची डागडुजी कोण करतं?

२३ नोव्हेंबर
मरियावहिनींना सांगितलं. भाकरी थापत होत्या. हात थांबले.
"लढाई संपून वर्ष उलटलं, पंत. गठडं येतं आणि माणूस येत नाही?"
तव्यावरची भाकरी करपली.
"आमोसला सांगू नका. तो सभा थांबवील."
"पण वहिनी, एलिया जिवंत असेल तर —"
"म्हणूनच! किती दिवस दाराकडे बघत बसू?"

२४ नोव्हेंबर
सभा झाली. टेबलावर दोनच तलवारी. मांडाऊ वहिनींनी सकाळीच गोरक्षनाथाच्या हाती दिला — रजा संपली, तो परत बोर्निओला निघाला. "त्याच नावाड्याकडे दे," म्हणाल्या. "ज्याचा आहे, त्याचं काम अडलं असेल."