सतरंजीचा बाप्तिस्मा

छत्रपती संभाजीनगर

चि. आदिनाथास अनेक आशीर्वाद.

प्रथम गंभीर तक्रार. सोयगावच्या प्रार्थनासभेला म्हणून तू माझी सतरंजी नेलीस, ती अजून परत आली नाही. तिनंही बाप्तिस्मा घेतला असेल तर निदान कळवायचं होतंस.

काल फोनवर म्हणालास, "दादा, तू बी माग की देवाकडं. येशूचं वचन गावोगाव पोचू दे म्हण." मी संस्कृतचा मास्तर, गोंधळून गेलो. तुझी वहिनी म्हणाली, "मागा की! धाकट्या भावासाठी मागायला लाज कसली?"

म्हणून आज पूजेला बसलो. संकल्पात ज्याच्यासाठी मागायचं त्याचं गोत्र सांगावं लागतं. ख्रिस्ती झालेल्या भावाचं गोत्र कोणतं, हे माझ्या एकाही पोथीत नाही. शेवटी आपलंच सांगितलं. "आदिनाथचं वचन पसरू दे," म्हणालो, आणि लगेच तोंडून निघालं, "पण सोयगावच्या पुढं नको." आता कोणत्या देवानं यातलं नेमकं काय ऐकावं, ते मलाच कळेना.

हे पत्र काही मी टाकणार नाही. खरं सांगू? धर्म बदललास याचं मला फारसं वाटत नाही. तुझं ऐकणारी माणसं वाढली, की तू या घरी यायचा बंद होशील, याची भीती वाटते.

तुझा,
बद्रीदादा