आजोबांची बोट: भिंतीवरची आणि खरी

९ सप्टें., मंगळ.
हॉलला रंग काढतोय. रंगाऱ्याची शिडी लागली आणि आजोबांची बोट भिंतीवरून खाली. काच फुटली, फोटो धड. आतून आत्या, "अवी, काय पडलं रे?" म्हटलं, "डबा." आत्या सत्त्याऐंशीची. डोळे निम्मे गेलेत, कान मात्र पोलिसाचे.

खरं सांगायला हवं होतं. पण त्या फ्रेममध्ये तिचा जीव आहे. खंडेनवमीला लोक अवजारं पुजतात, आमच्याकडे आधी बोट. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, महायुद्धात याच बोटीवर तोफ चालवायचे. झेंडूचं पहिलं फूल आत्याच्या हातचं, दुसऱ्या कुणाला वाहू देत नाही.

१० सप्टें., बुध.
स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याकडे गेलो. त्याने मागचा पुठ्ठा काढला, फोटो उलटा केला. "अंकल, ये फोटो नहीं है. कॅलेंडर का पन्ना है." मागे तारखांच्या चौकटी आणि कुठल्याशा खोबरेल तेलाची जाहिरात.

"पक्का?" म्हणून विचारलं. तो म्हणाला, "आप ही पढ लो ना."

मृदुलेला सांगितलं. बायको धीर देईल असं वाटलं होतं. ती कणीक मळता मळता खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

१२ सप्टें., शुक्र.
अजून आशा. कॅलेंडरवरची का असेना, बोट तर लढाईची असेल! आमच्या मासळीवाल्या कमळाबाईंचा नवरा पालीच्या कोळीवाड्यात असतो, जन्मभर तांडेल, स्वतःची बोट चालवलेला. पान पिशवीत घालून स्कूटरवर उत्तन रोडने पाली. गल्ली एवढी चिंचोळी की समोरून दुसरी स्कूटर आली तर एकाने मागे जायचं. मी तीनदा मागे गेलो.

तांडेलांनी चष्मा लावला. "लराईची? ही? आवं, ही पाशिंजर बोट हाय. खिरक्या बगा किती! वर कनात बांदलीय. तोफ कुटं हाय?"
"पलीकडच्या बाजूला असेल."
"न्हाय वो. असल्या बोटी मी पोरपनी बगितल्यात. बाया, कोंबऱ्या, फनस, सगला भरून जायचा."

हसता हसता त्यांना ठसका लागला. कमळाबाईंनी तळलेले बोंबील पुढे केले. दुःखात होतो तरी सहा खाल्ले.

१४ सप्टें., रवि.
आत्या : "भिंत सुकली ना? मग बोट कुठाय?"
मी : "काच बदलायला दिलीय."
आत्या : "काच फुटली कधी?"
मी : "ती... रंग लागला काचेला."
मृ. ओढणी तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

ठरवलं. खंडेनवमी १ ऑक्टो.ला. तोवर खरी बोट शोधायची, तिचा फोटो मिळवायचा आणि मग आत्याला सांगायचं. ऐंशी वर्षं तू तेलाच्या कॅलेंडरला फुलं वाहिलीस, हे रिकाम्या हाताने तिला सांगायची माझ्यात हिंमत नाही.

१६ सप्टें., मंगळ.
आत्या तळमजल्यावर भजनाला. मी तिच्या पलंगाखालच्या ट्रंकेत डोकं घातलं. बासष्टाव्या वर्षी चोरी. मृ. दारात पहाऱ्याला.

खणात गुंडाळलेला एक कागद सापडला. आजोबांचा नौदलातून सुटल्याचा दाखला! पिवळा, घडीवर फाटलेला, इंग्रजी टाईप, तीन शिक्के. आजोबांचं नाव, गाव, आणि खाली सगळी अक्षरंच अक्षरं, आकडे. काही कळेना. आजोबा गेले तेव्हा मी चौथीत होतो. हा कागद त्यांच्या खिशात बसून गावी आला असणार.

फोटो काढला, कागद जसाच्या तसा ठेवला. म्हणजे तसं मला वाटतं.

१९ सप्टें., शुक्र.
सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधल्या एकाच्या ओळखीने पुण्याचे निवृत्त कमांडरसाहेब मिळाले. जुन्या बोटींचे फोटो जमवणं हा त्यांचा छंद. दाखल्याचा फोटो काल पाठवला, आज फोन.

"तुमचे आजोबा तोफेवर नव्हते हो. स्टोकर होते. खाली इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालायचे. बोटीचं नाव 'सातारा'."
"साताऱ्याला समुद्र कुठाय?"
"तेव्हा छोट्या बोटींना शहरांची नावं द्यायचे. सुरुंग काढायची बोट ही. फोटो असावा माझ्याकडे, शोधतो."

फोन ठेवला आणि आधी थोडं वाईटच वाटलं. तोफेवरून कोळशावर! मग आठवलं, आजोबांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. तोफेची नळी तापायची म्हणून, असं आम्हाला सांगितलेलं. आणि लढाईनंतर ते गिरणीत कुठल्या खात्यात होते? बॉयलरच्या. सगळं डोळ्यांसमोर होतं, आम्हाला तोफच हवी होती.

२३ सप्टें., मंगळ.
फोटो आला!! मोबाईलवर आधी, मागून कुरियरने मोठी प्रत येतेय.

बोट बेताची. एकच धुराडं, पुढे छोटीशी तोफ (आहे, तोफ आहे!), डेकवर खलाशी उभे. मोजले, नऊ. तोंडं मोहरीएवढी. मी सोसायटीच्या वॉचमनलाही दाखवली. "बढिया है साब, आपकी है?" म्हटलं, हो.

२५ सप्टें., गुरु.
परत पालीला. तांडेलांनी मोबाईल नाकाला लावून फोटो पाहिला आणि मांडीवर थाप मारली. "ही त आमच्यातलीच! मागं दोर गुंडालायचा विंच बगा. जाल्याची बोट असतं तशीच!"

मग अंगणात सुतळी आणि पाटाचा तुकडा घेऊन बसले. बोटीमागे लोखंडी दोर सोडायचा, टोकाला फळी. बोट चालली की पाण्याच्या जोराने फळी बाजूला पळते, दोर पसरतो. पाण्याखाली सुरुंग साखळीने बांधलेला असतो, ती साखळी दोराने कापायची. सुरुंग वर आला की लांबून गोळी. मासेमारीच्या बोटींवरूनच ही युक्ती घेतली असणार, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, "पण आजोबा नुसते खाली कोळसा टाकायचे."
तांडेल हसायचे थांबले. "नुसते? सुरुंग बोटीला लागला त वरचा मानूस पान्यात उरी मारल. खालचा कुटं जाल?"

घरी येताना पुढच्या चौक गावाचा रस्ता धरला आणि समुद्राकडे तोंड करून जरा वेळ बसलो. आजोबांचा एवढा अभिमान मला तोफेच्या गोष्टीनेसुद्धा कधी वाटला नव्हता.

३० सप्टें., मंगळ.
उद्या खंडेनवमी. दोन्ही फ्रेम तयार, तीच साईज, तीच सोनेरी पट्टी. चहा झाल्यावर आत्याच्या समोर बसलो. घसा साफ केला. मृ. शेजारी, हसायचं नाही या अटीवर.

सगळं सांगितलं. शिडी, फ्रेमवाला, कॅलेंडर. आत्याचा चेहरा हलेना. मला वाटलं, झालं, आता रडणार.

"झालं सांगून?" आत्या म्हणाली. "अरे, कॅलेंडर मीच मागून आणलं होतं. वाण्याकडून. सहा वर्षांची होते."

मृ. जवळ सरकली. आत्या पुढे सांगू लागली.

"लढाईत पत्रातून बोटीचं नाव लिहायची बंदी होती. लिहिलं तर काळं फासून यायचं. नवमी आली, आईने सगळं मांडलं, विळी, कोयता, नांगराचा फाळ. आणि म्हणाली, ह्यांच्या बोटीला फूल कसं वाहू? मग मी धावत गेले नि हे चित्र आणलं. आई म्हणाली, चालेल. बोटी एकमेकींना ओळखतात, निरोप पोचेल."

"आणि आजोबा? त्यांनी आल्यावर बघितलं नाही?"

"बघितलं की. भिंतीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाले, 'अगदी हीच.' मग जन्मभर हीच."

मृ. हसत होती की रडत होती, कळलं नाही. माझं तरी दोन्ही चाललं होतं.

आत्या : "आणि ट्रंकेत हात घालायचा तर घडी नीट घालावी. खण उलटा गुंडाळला होतास."

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.
सकाळी दोन्ही बोटी पाटावर. शेजारी स्कूटरची किल्ली, मृ.ची सुरी, आत्याची जुनी कात्री. आत्याने पहिलं फूल तिच्या आईच्या, म्हणजे कॅलेंडरच्या, बोटीला वाहिलं. ती बोट भिंतीवरून हलायची नाही, ताकीद मिळाली. 'सातारा' शेजारी राहील.

मग 'सातारा' मांडीवर घेतली. भिंग लावून बराच वेळ बघत होती. मी डेकवरची माणसं दाखवली.
"यातले बाबा कोण?"
"सांगता येत नाही गं. कमांडरसाहेबांकडेही नावं नाहीत." मग पुढचंही सांगून टाकलं, "आणि आत्या, ते भट्टीवर होते. फोटो काढताना खालीच असले तर यात नसतीलही."

तिने झेंडूच्या पाकळ्या सोडवल्या आणि एकेकाच्या डोक्यावर एकेक ठेवत गेली. नऊ. "यांच्या घरी कुणी वाहतं की नाही कोण जाणे," म्हणाली.

मग भिंग वर सरकवलं. धुराड्यापाशी थांबली.
"अवी, हा धूर ना रे?"
"हो."
"चांगला काळा आहे."
"हो, आत्या."
"मग बाबा कामावर आहेत," म्हणाली, आणि दहावी पाकळी धुरावर ठेवली.

दुपारी श्रीखंड-पुरी. वाटी पुढे सारत आत्याने हुकूम सोडला, आता या नऊ जणांची नावं शोध. कमांडरसाहेबांना फोन लावला, उचलला नाही. सण आहे, उद्या लावतो.