लाल रंगाखालचे टाके

अंबाजोगाई,
घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय सुकन्या,

आशीर्वाद तर तुला आहेतच, ते सावकाश लिहीत बसत नाही. आधी कामाचं. हे पत्र शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर गाडीची किल्ली खुंटीवरून काढू नकोस. दसऱ्याला पालीहून निघून, मांजरसुंब्याचा घाट चढून गाडी इथं माझ्या दारात आणणार, असं तू फोनवर म्हणालीस. तेव्हा मी 'ये, ये' म्हणालो. आता 'थांब' म्हणतोय. का, ते सांगायला मला थोडा वळसा घालावा लागेल, कारण सरळ निघालो की मी मधेच कुठंतरी हरवतो. फोनवर तर फारच. म्हणून कागद घेतला. कागदावर निदान वर काय लिहिलंय ते वाचून पुढं जाता येतं.

हनुमानच्या घरी माझं बरं चाललंय. सून वेळेवर जेवायला वाढते, आणि मी जेवलो की नाही हेही तीच सांगते. गेल्या महिन्यात दुपारचा झोपून उठलो आणि तिच्यावर ओरडलो, सीझन तोंडावर आलाय, ऊसतोडीचे लोक गाड्या घेऊन दारात उभे असतील आणि अजून शटर कसं उघडलं नाही म्हणून. ती बिचारी चहा ठेवायला गेली. धारूरच्या माझ्या वर्कशॉपच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, हे मला तो चहा पिताना आपोआप आठवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि हनुमानला बाहेर नेऊन काय ते सांगितलं. तोवर मी आत बसून त्यांच्या टेबलाच्या पायाचं वेल्डिंग बघत होतो. वाईट होतं. हनुमान आत येऊन म्हणाला, वयानं होतं असं, गोळ्या दिल्यात. हा पोरगा खोटं बोलायला लागला की कान खाजवतो, लहानपणापासून. मी गोळ्या घेतो.

ही गाडी करायचं खूळ मी डोक्यात घेतलं तेव्हा धारूरात माझी काय चेष्टा झाली, ती तू बघितली आहेस. मी जन्मभर उसाच्या टायरगाड्या आणि ट्रॉल्या केल्या. दिवाळीच्या सुमाराला सगळा संसार गाडीत घालून कारखान्याच्या वाटेला लागणाऱ्या माणसांसाठी. माझी गाडी म्हणजे ओझं, आणि चढावर बैलाच्या तोंडाला फेस. कधीतरी मनात आलं, जिच्यात उसाची एक कांडीसुद्धा मावणार नाही अशी एक गाडी आपल्या हातून व्हावी. बुटकी, उघडी, दोन माणसांची, नुसती पळणारी. जुन्या मारुतीचं इंजिन मिळवलं, चौकोनी पाइपचा सांगाडा केला. तुझे वडील, आमचे बंधू अर्जुनराव, कुठल्याशा सभेहून येताना कडक इस्त्रीत डोकावले आणि म्हणाले, 'शहादेवा, ह्याच्यात माणूस बसतंय का निजतंय बे?' बाजारात आठवडाभर ते वाक्य फिरत होतं. तू तेवढी हसली नाहीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेली तू त्या सांगाड्यात उलट्या बादलीवर बसून तोंडानं गिअर बदलत होतीस, आणि काकूनं जेवायला हाक मारली की म्हणायचीस, थांब, घाट उतरतेय.

पुढं तुझी काकू गेली, माझे हात थरथरायला लागले, हनुमाननं मला इकडं आणायचं ठरवलं आणि भंगारवाल्याला निरोप धाडला. तेव्हा तूच ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आलीस. अर्जुनराव म्हणाले, पोरीच्या लग्नाचं बघायचं सोडून हे लोखंड कशाला दारात आणायचं. तू लोखंड आणलंस, लग्नाचं अजून बघतेच आहेस. रागावू नकोस, म्हाताऱ्यानं एवढं तरी चिडवावं. बीडला दिवसभर लोकांचे ट्रॅक्टर दुरुस्त करून घरी यायचं आणि मग हिच्यापाशी बसायचं, असं वर्षभर केलंस. वायरिंग केलंस, सीटं शिवून घेतलीस, सायलेन्सर बसवलास. इंजिन पहिल्यांदा लागलं तेव्हा तू फोन त्याच्यापाशी धरलास आणि मी इथं कॉटवर बसून ते ऐकलं. मला आनंद झाला, आणि खरं सांगतो, हेवाही वाटला. आपण रांधावं आणि दुसऱ्यानं वाढावं तसं झालं. त्याच फोनवर तू विचारलंस, 'नाना, स्टेअरिंगचं जोडकाम पक्कं हाय ना?' मी छातीठोक सांगितलं, 'पक्कं हाय. मी सोता केलंय.'

त्या जोडकामाचंच सांगायचंय. सीट खाली आणि मागं नेल्यामुळं स्टेअरिंगचा दांडा अपुरा पडला होता. मी दोन दांडे एका नळीत घालून जोडले. असं काम आपण आधी कच्चं करतो हे तुला ठाऊक आहेच. शिंपी कच्चा दोरा घालतो तसे इथंतिथं वेल्डिंगचे टाके मारायचे, कोन बरोबर आला की मग सगळीकडून पक्कं करायचं. टाक्यांवर वस्तू उभी राहते, जोर सोसत नाही. तो दांडा मी टाक्यांवर उभा केला आणि दसरा तोंडावर आला. आपल्याकडं ते दिवस कसे असतात ते काय सांगू. दारात गाड्यांची रांग, कुणाचा आस वाकलेला, कुणाच्या साटीच्या फळ्या निखळलेल्या, आणि सगळ्यांना निघायची घाई. मला मान वर करायला फुरसत नव्हती. काकूला मात्र त्या दसऱ्याला गाडीची पूजा करायचीच होती. आमच्या घरात चारचाकी कधी आली नव्हती, ही पहिली. मी म्हणालो, आहे त्या सांगाड्याची कर. तर म्हणाली, 'सांगाड्याला हार घालू व्हय? गाडीवाणी दिसू तर द्या.' मग मी कच्च्या कामावरच पुट्टी भरली, घासली आणि वरून लाल रंग मारला. सण झाला की खरवडून पक्कं करू, असा विचार. तिनं हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, स्टेअरिंगवर आपट्याचं पान ठेवलं आणि डोक्यावर पदर घेऊन वाकून नमस्कार केला. माझ्या एकाही ट्रॉलीला तिनं असा नमस्कार केला नव्हता. मला त्या दिवशी फार भारी वाटलं.

रंगाखाली काय आहे ते तिनं लक्षात ठेवलं होतं. सकाळी चहा देताना म्हणायची, 'ते कच्चं हाय बरं का. ध्यानात ठिवा.' मी म्हणायचो, आहे ध्यानात. पुढं कधीतरी ती म्हणायची थांबली. मी काम पक्कं केलं म्हणून थांबली, की कार्तिकात अंथरुणाला खिळली म्हणून थांबली, हे आज मला सांगता येत नाही. तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं. लोक म्हणतात, नाना, दिवस जातील तसं दुःख कमी होतं. माझं झालेलं नाही. उलट आता असं वाटतं की आमच्या दोघांचं जे काही होतं ते राखायला मी एकटा उरलो होतो, आणि मीही रोज थोडा थोडा कमी होतोय. असाच चाललो तर एक दिवस तिला मीही ओळखणार नाही. याची मला फार भीती वाटते, आणि ती मी या घरात कुणाला सांगितलेली नाही.

तरी फोनवर 'पक्कं हाय' म्हणालो ते तुला फसवायला नव्हे. मला ते काम केल्याचं लख्ख आठवतं. मी गाडीखाली उताणा पडलोय, रंग जळाल्याचा वास येतोय, वत्सला, तुझी काकू, बॅटरी धरून उभी आहे आणि ठिणगीनं लुगड्याला भोक पडलं म्हणून कुरकुरतेय. शेजारी हनुमानची सायली उभी आहे आणि आजीला हसतेय. देवीपुढं शपथ घेऊन सांगितलं असतं इतकं ते स्पष्ट आहे. परवा संध्याकाळी आमची सायली नर्सिंगच्या कॉलेजातून आली, अंगात तो पांढरा कोट. मी सहज म्हणालो, आज्जीच्या लुगड्याला भोक पडलं तेव्हाही तू ह्याच कोटात होतीस. ती माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, 'आजोबा, आज्जी होती तवा मी शाळंत होते. हा कोट आत्ता जुलैत मिळालाय. अन् तुमी काम करताना मला आत कवाच येऊ दिलं न्हाई.' मी हसण्यावारी नेलं. तिनं माझा हात धरून ठेवला होता, त्यावरून मला कळलं की ती घाबरलीय.

तेव्हापासून ती आठवण मी उलटीपालटी करून बघतोय. सायली तिथं नव्हती, हे झालं. मग वत्सला तरी होती का? लुगड्याला भोक पडलं ते दुसऱ्याच कुणाच्या ट्रॉलीच्या कामात असेल. रंग जळाल्याचा वास तर माझ्या नाकात जन्मभराचा आहे. सायलीला त्यातून काढलं की वत्सलाही जाते, वत्सला गेली की कामही जातं, आणि हाताला काही लागत नाही. म्हटलं, स्टेअरिंगचं सोडा, बाकीचं तरी तपासून बघू. पुढच्या चाकांचे हात, ब्रेकच्या पायट्याचा आधार, सीटखालचा आडवा पाइप. एकेक डोळ्यांपुढं आणलं. प्रत्येक ठिकाणी मी काम करताना दिसतो, आणि प्रत्येक ठिकाणी आता मला विचारावं लागतं की यात असं कोण उभं आहे, जे तेव्हा तिथं नव्हतंच. सुकन्या, माझ्या हातचं एकही जोडकाम मी तुला भरवशानं देऊ शकत नाही. माझ्या गाड्यांवर लोक डोळे झाकून लेकरंबाळं बसवायचे, आणि आता मीच सांगतोय की माझा भरवसा धरू नका. वत्सलाच्या आधी गेलो असतो तर बरं झालं असतं. निदान चांगला कारागीर म्हणून गेलो असतो.

म्हणून हे पत्र. ग्राइंडर घे आणि लाल रंग सगळा काढ. काकूनं हळदीकुंकू लावलेला भाग तू तसाच ठेवला आहेस, तो जपत बसू नकोस. तू वरून केलेलं सगळं उतरवावं लागेल, वर्षाची मेहनत मातीत जाईल, मला कळतं आणि जीव तुटतो. जिथं टाके दिसतील तिथं त्यांच्यावरच वेल्डिंग मारू नकोस, कापून टाक. जिथं पक्कं दिसेल तेही कापून टाक. तो दांडा तर ठेवूच नकोस, नवा अखंड घाल. सायली या पानांचे फोटो काढून तुला पाठवील, पण कागदही मी पोस्टात टाकतोय, तो तुझ्याजवळ असू दे. कारण हे लिहिल्याचंच मी विसरणार आहे. चार दिवसांनी तू फोन करशील आणि मी पुन्हा छातीठोक सांगेन की सगळं पक्कं आहे, मी स्वतः केलंय, तुझी काकू बॅटरी धरून उभी होती. तिची शपथ घेईन. दसऱ्याला अंगणात खुर्ची टाकून तुझी वाट बघेन, तू आली नाहीस की फोनवर रडेन, तुला भित्री म्हणेन, माझी गाडी लाटलीस असंही म्हणेन. तेव्हा मी खोटं बोलत नसेन, पण माझं ऐकू नकोस. आज मला सगळं नीट समजतंय आणि आजच मी सांगून ठेवतोय, मी कितीही बोलावलं तरी त्या गाडीत बसून माझ्याकडं येऊ नकोस.

तुझाच,
नाना