देवाच्या गुडघ्यापर्यंत पाणी

ताइपेइ,
१४ जून

प्रिय दादा,

तू, वहिनी आणि आई बरे असाल असं धरून चालते. मी बरी आहे. वहिनीने पाठवलेला वाळवलेला मुळा मिळाला. रोज सकाळी रताळ्याच्या पेजेबरोबर खाते आणि तुझ्यावर रागावते. महिना झाला, तू माझा फोन उचलत नाहीस. वहिनी उचलते, पण तू घरात असलास की 'हो, नाही, बरं' एवढ्यावर भागवते. म्हणून पत्र. ते तू फाडशीलही, पण फाडायच्या आधी वाचशील एवढी तुझी ओळख मला आहे.

आईच्या पायांची सूज उतरली का? तिला वरच्या मजल्यावर झोपवा असं मी म्हणत होते. पण ती म्हणते, ज्या खोलीत सून म्हणून आले तिथेच झोपणार. आपल्या शा-वेई गावचा रस्ता तीनदा उंच केला, तशी तिच्या खोलीची खिडकी रस्त्याच्या पातळीला आली. आता ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला बघत बसते आणि चपलांवरून माणूस ओळखते. ऑफिसात मी हे गंमत म्हणून सांगितलं. सगळे हसले, मीही हसले, आणि मग जिन्यात जाऊन रडले.

देवळासमोरच्या सभेबद्दल मी माफी मागणार नाही. माझं काम काय, हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू लोकांना सांगतोस, "बहीण ताइपेइत प्रोफेसरांची भाषणं लिहिते." साधारण तसंच आहे. शास्त्रज्ञांना जे कळलेलं असतं ते त्यांना सांगता येत नाही. मी त्यांना बोलायला शिकवते, लोकांपुढे एक तऱ्हेने, मंत्र्यांपुढे दुसऱ्या. प्रोफेसर शिएंनी आपल्या किनाऱ्याची जमीन मोजण्यात उमर घालवली. तिसऱ्या-शिंपल्यांच्या तळ्यांसाठी बोअरचं गोडं पाणी उपसलं की कुठे किती खचते, हे त्यांना तोंडपाठ आहे. सभेसाठी ते ढीगभर आलेख घेऊन निघाले होते. मी म्हटलं, "सर, त्या कागदांनी आमचे लोक वारा घेतील. पाणी कुठवर येईल तेवढं दाखवा." म्हणून ती निळी पट्टी. मोठ्या वादळात समुद्र किनाऱ्यावरच्या आताच्या भिंतीवरून आत आला तर देवळात किती चढेल, त्या उंचीवर आम्ही ती खांबाखांबाला चिकटवत गेलो. शेवटच्या खांबापाशी पोचलो तेव्हा दिसलं की ती आपल्या देवाच्या, वांग-येंच्या, मूर्तीच्या बरोबर गुडघ्यांवरून जाते.

तू उभा राहिलास. या वर्षी कौलाने देवळाचा मानकरी तुला केलेलं, त्यामुळे पहिलं बोलायचा मान तुझा. "ताइपेइचं पाणी प्यायली आणि आमच्या देवाला पाण्यात बसवायला आली," म्हणालास. सगळं अंगण हसलं. प्रोफेसरांना आपली बोली कळत नाही. लोकांना पटलं असं समजून तेही हसले. तेव्हा मला तुझा इतका राग आला की चिकटपट्टीचं रीळ फेकून मारावंसं वाटलं.

थियाम काका म्हणाले, "मुली, बोअरचे पाइप जमिनीतून वर आलेले आम्हालाही दिसतात. पाइप वर येत नाहीत, आपण खाली चाललोय. हे सांगायला एवढी मोठी मोटार कशाला आणलीस?"

"मग काय करायचं ठरवलंय, काका?"

"करू की काहीतरी."

आणि तुम्ही केलंत. आठवड्याभरात चौथरा वाढवून वांग-येंना वर बसवलं. आता पट्टी त्यांच्या पायांखालून जाते. वहिनीने पाठवलेला फोटो मी प्रोफेसरांना दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे त्यांना कळलं होतं." हो, कळलं होतं. माझं काम मी चोख केलं होतं. पाणी गुडघ्यापर्यंत येणार हे साऱ्या गावाला समजलं, आणि गावाने गुडघे वर उचलले.

इथवर लिहून मी उठले, चहा केला, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. जे लिहायचं आहे ते अजून लिहिलेलंच नाही.

वहिनीकडून कळलं की तुझा यू-छंग ताइचुंगच्या कारखान्यातली नोकरी सोडून घरी यायचं म्हणतोय. तिसऱ्यांची तळी तो बघणार, आणि सुनेचं बाळंतपण आपल्याकडे, खालच्या मजल्यावर, आईच्या शेजारच्या खोलीत. हेही कळलं की गावात राहावं की नाही याचा कौल तू येत्या पौर्णिमेला सगळ्यांसमोर लावणार आहेस, आणि 'राहा' असा आला की मुलाला बोलावणार.

दादा, मी कौलाला हसत नाही. शाळेच्या परीक्षेपासून आबांच्या आजारपणापर्यंत मीही ते लाकडी कौल टाकलेत. वांग-ये काय सांगतील ते मला माहीत नाही. सरकार काय सांगणार ते मात्र माहीत आहे.

किनाऱ्याची भिंत उंच होणार नाही. ठरलंय. निवडणुकीनंतर जाहीर करतील. तोवर तोंड उघडायचं नाही म्हणून आमच्या सह्या घेतल्यात. तेव्हा हे लिहून मी नोकरीवर पाणी सोडलं आहे असं समज.

आणि ठरलं ते माझ्या पानावरून. प्रोफेसरांचा अहवाल उशाला घेता येईल एवढा जाड. मंत्री एक पान वाचतात, खरं तर त्यातलं पहिलं वाक्य. मीच सगळ्या शास्त्रज्ञांना शिकवते की पहिलं वाक्य असं लिहा की पुढचं कोणी वाचलं नाही तरी चालेल. मी लिहिलं होतं, 'भिंत उंच करून शा-वेई वाचणार नाही, म्हणून सरकारने गावाला लवकरात लवकर दुसरी जागा द्यावी.' त्यात खोटं काही नाही. प्रोफेसरांनी शब्दन्‌शब्द तपासला. बैठकीत मंत्र्यांनी ते वाक्य अर्ध्यापर्यंतच वाचलं. भिंतीचा खर्च वाचला म्हणून सगळ्यांचे चेहरे खुलले. "आणि जागेचं?" मी विचारलं. एक साहेब फाइल मिटत म्हणाले, "ते दुसऱ्या खात्याकडे जाईल, बाई. तुमचं लिहिणं मात्र फार स्पष्ट असतं." पहिलं वाक्य तरी पूर्ण वाचतील असं मला वाटलं होतं.

मी एकदा वांग-येंना विचारलं होतं, "मी पास होईन आणि ताइपेइला जाईन का?" तू मला टपली मारलीस. "एका वेळी एकच विचार. दोन विचारलेस तर हो कशाला म्हणाला ते कसं कळणार?" आपल्याकडच्या पोराटोरांना कळतं ते मी त्या पानावर विसरले.

मी घरी लिहिणार आहे असं प्रोफेसरांना सांगितलं. मला वाटलं, अडवतील. ते म्हणाले, "माझंही नाव घाला."

तर सरळ सांगते. कौल लाव नाहीतर लावू नकोस. 'राहा' आला तर तू राहशील, आणि आईला घेऊन राहशील, तुझ्यापुढे माझं काही चालणार नाही. पण यू-छंगला आणि त्या पोरीला बोलावू नकोस. भिंत बांधायला कोणी येणार नाही आणि तुम्हाला न्यायलाही कोणी येणार नाही. हे पत्र देवळात वाचायचं असेल तर वाच, आमच्या नावांसकट.

आईला नमस्कार. मी रडल्याचं तिला सांगू नकोस.

तू जिच्याशी बोलत नाहीस ती तुझी,
ली-रुंग


शा-वेई,
पौर्णिमेचा दुसरा दिवस

ली-रुंग,

पत्र मिळालं. आम्ही ठीक. आईची सूज तशीच आहे. मुळा संपला असेल तर कळव, वहिनी आणखी वाळवतेय.

तुझं पत्र घरी वाचलं, मग तळ्यावर नेऊन परत वाचलं. तुझ्यावर विश्वास बसला नाही असं झालं असतं तर बरं झालं असतं.

काल पहाटे, लोक यायच्या आधी, मी एकटाच देवळात गेलो. गावाचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "माझी बहीण लिहिते ते खरं आहे का?" कौल टाकले. एक उताणा, एक पालथा. हो. परत टाकले. हो. तिसऱ्यांदा मी मुद्दाम वेडेवाकडे भिरकावले, देवासमोर असं करू नये तरी. एक खांबाला आपटून मागे आला. हो.

मग गाव जमलं. मी म्हटलं, आज कौल नाही. लोक चिडले. थियाम काका म्हणाले, "देवाला उंच बसवलं तर मानकऱ्याच्या डोक्यात वारं गेलं का?" मी खिशातलं पत्र काढलं आणि परत खिशात घातलं. समोर ज्याचं त्याचं घर, ज्याची त्याची तळी. तोंडातून पहिलं काय काढायचं तेच कळेना. तू त्याच पायरीवर उभी होतीस तेव्हा मी काय बोललो ते आठवलं. वाईट वाटलं. एवढंच लिहितो.

यू-छंगला फोन केला, येऊ नकोस म्हणून. तो म्हणतो, का? मी म्हटलं, तिसऱ्यांवर रोग पडलाय. तर म्हणाला, औषध घेऊन उद्याच निघतो. कसाबसा थांबवलाय. फार दिवस थांबणार नाही.

तू ये. शनिवारी ये. प्रोफेसरांना आणलंस तरी चालेल, जेवायला घालू. गावाशी तू बोल, मी शेजारी उभा राहीन. पण आधी आईला सांग. ते मला जमणार नाही. सुनेसाठी शेजारची खोली तिने सुजल्या पायांनी धुऊन काढली आहे, आणि सकाळपासून खिडकीशी बसून नव्या चपलांची वाट बघते आहे.

तुझा दादा,
आ-खुन