लाल फिल्टर

गुरुवार, संध्याकाळ

तो फोटो द्यायलाच नको होता.

पावसाळ्यात नागभीडजवळ धानाची रोवणी करणाऱ्या पार्वताबाईचा फोटो काढला होता. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर ढगांमागचं निळं आभाळ काळंभोर यावं म्हणून लेन्सवर लाल फिल्टर चढवला. सवयच ती! रंग बघणं मी केव्हाच सोडलंय. उजेड आणि सावली, बस. पुढे रोलमधले उरलेले फोटो इतके जपून काढले, की रोल धुवायला तीन महिने लागले. तेवढ्यात तिचा नवरा वारला.

आज तिनं फोटो पदरानं पुसला, दारातल्या उजेडात धरला.

"भाऊ, माह्यं कुंकू कुठी गेलं? त्या दिवशी त लावलं होतं ना मी?"

लाल फिल्टरमुळे लाल रंग पांढरा पडतो, हे सांगितलं. काय उपयोग?

"तवा त ते जित्ते होते," एवढंच म्हणाली. फोटो परत दिला.

आल्यापासून निगेटिव्ह बघतोय. आभाळ सुरेख आलंय. कपाळ कोरं.

नवरा गेल्यावर गावातल्या बायांनी तिचं कुंकू पुसलं. मी तर तो जिवंत असतानाच पुसलं होतं.